प्रोटोकॉल : शिष्टाचार, नियमावली की संकेत?

संगणकजाळ्यांच्या संदर्भातील 'प्रोटोकॉल'साठी 'शिष्टाचार' हा शब्द चालेल का, की 'नियमावली' म्हणावे, असा प्रश्न विचारला गेला आहे. माझ्या मते या दोन्हींपेक्षा 'संकेत' हा शब्द मूळ कल्पनेच्या अधिक जवळ जातो.

शासकीय व्यवहारात 'राजशिष्टाचार' हा प्रतिशब्द रुळला आहे आणि तेथे तो योग्यच आहे. परंतु शिष्टाचार मोडला तर मानापमान होतो, बोलणे थांबतेच असे नाही. संगणकांचे मात्र बोलणेच थांबते. इंटरनेटवर माहिती पोचवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टीसीपीनुसार (ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल) जोडणी करू इच्छिणारा संगणक आधी विनंती पाठवतो, दुसरा तिची पोच देताना स्वतःचीही विनंती पाठवतो, आणि पहिल्याने त्या विनंतीची पोच दिल्यावरच जोडणी पुरी होते. पुढे माहितीच्या प्रत्येक बाइटला क्रमांक असल्यामुळे वाटेत तुकडे मागेपुढे झाले तरी ते क्रमाने लावता येतात, आणि ठरावीक वेळेत पोच आली नाही तर तेवढा भाग पुन्हा पाठवला जातो. संदेशाची रचना, तिच्यातील प्रत्येक अंशाचा अर्थ, कोणी केव्हा बोलायचे आणि बोललेले पोचले नाही तर काय करायचे, इतके सारे प्रोटोकॉलमध्ये येते.

'नियमावली'त हे मावते खरे, पण नियम म्हटला की तो घालून देणारी सत्ता आणि मोडल्यास होणारा दंड मनात येतो. इंटरनेटचे प्रोटोकॉल ज्या 'आरएफसी' दस्तऐवजांत नोंदले जातात, त्यांतला पहिला १९६९ मध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिला, आणि त्या मालिकेच्या नावाचा अर्थच 'अभिप्रायासाठी विनंती' असा आहे. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या संगणकजाळ्यावर टीसीपी आणि त्याच्या जोडीचा आयपी (इंटरनेट प्रोटोकॉल) लागू झाले ते वरून ठरवून, हे मान्य. तरीही हे प्रोटोकॉल जगभर टिकले ते दोन्ही टोकांनी तेच स्वीकारल्यामुळे.

असा परस्परांनी मानलेला ठराव 'संकेत' या शब्दात आहे. 'या शब्दावरून हा अर्थ समजावा' या ठरावालाही आपल्या शास्त्रचर्चेत संकेतच म्हणतात. अडचण एवढीच की 'संकेतस्थळ' आणि 'संकेतशब्द' यांनी तो आधीच व्यापला आहे, म्हणून मी 'संपर्कसंकेत' असा समास सुचवेन.

विशिष्ट नावांसोबत मात्र 'प्रोटोकॉल' हाच शब्द पुल्लिंगी वापरावा. टीसीपीतील 'पी' प्रोटोकॉलचाच असल्यामुळे 'टीसीपी प्रोटोकॉल' ही द्विरुक्ती टाळून नुसते 'टीसीपी' लिहिणे पुरेसे आहे.