गुंठ्याला किती मिनिटं? कालव्याच्या पाळीचा हिशेब

प्रश्न (कळवा, ठाणे) : आमची वडिलोपार्जित जमीन भिवंडी तालुक्यात, भातसा उजव्या कालव्याच्या एका चारीच्या (शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटाच्या) शेवटाला आहे. चारीखाली 50 एकर क्षेत्र, सात दिवसांची पाळी, मुखावर सेकंदाला 30 लीटर पाणी. वरची शेतं तुडुंब भरतात, आमच्याकडे जेमतेम ओल पोचते. गावानं बसून पाळी ठरवायची तर हिशेब कसा मांडावा?

उत्तर : आधी भरणीचा वेळ बाजूला काढा. कोरड्या चारीत पाणी सोडल्यापासून शेवटच्या शेताला लागेपर्यंत किती वेळ जातो, ते घड्याळ लावून पाहा. समजा दोन तास गेले. सात दिवसांच्या 168 तासांतून ते वजा केले की उरतात 166 तास, म्हणजे 9,960 मिनिटं. 50 एकर म्हणजे 2,000 गुंठे. म्हणून गुंठ्याला जवळपास पाच मिनिटं. भरणी सगळ्यांच्या वेळेतून जायला हवी. ती पहिल्या नंबरवाल्याच्या माथी मारली की भांडण तिथूनच सुरू होतं.

पण सारखी मिनिटं दिली म्हणजे सारखं पाणी मिळालं असं नाही. चूक नेमकी इथे होते. वाटेत पाणी मुरतं, खेकड्यांच्या बिळांतून बांधाबाहेर जातं, गवतात अडतं. मुखावर 30 लीटर असेल तर मध्यावर 27 आणि शेवटी 24 लीटर भरू शकतं. ही तिन्ही ठिकाणं मोजा आणि वेळ त्या प्रमाणात वाढवा. तिन्ही भागांत क्षेत्र सारखं असेल, तर 20 गुंठ्यांना वरच्या भागात 89 मिनिटं, मध्ये 99 आणि शेवटी 111 मिनिटं येतात. प्रत्येक गुंठ्याच्या वाट्याला 8,000 लीटर, म्हणजे सुमारे 8 सेंटीमीटरचा थर. एकूण वेळ तेवढाच राहतो.

शेवटी 24 लीटरही येत नसतील तर मिनिटं वाढवत बसू नका. आधी बिळं बुजवा, गवत काढा, बांधाला भोक पाडून घातलेले पाइप उपटा. गळक्या चारीवर कितीही चोख वेळापत्रक लावलं तरी शेवटचा शेतकरी उपाशीच राहणार, आणि त्याला हक्काचं पाणी नाकारलं जाणं हा अन्यायच आहे.

शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था असेल तर हे वेळापत्रक तिच्या सभेत मंजूर करून मुखाजवळ लावा. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या राज्य कायद्याप्रमाणे संस्थेला पाणी मोजून मिळतं आणि संचालक मंडळात शिर, मध्य, पुच्छ (वरचा, मधला, शेवटचा) या तिन्ही भागांना सारखं स्थान आहे. पुच्छाची जागा रिकामी ठेवू नका.

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई) : शहापूरच्या आमच्या शेतचारीत व्ही-नॉच (पाणी मोजायची V आकाराची खाच) बसवला आहे. वरच्या शेतकऱ्याच्या पाळीत 20 सेंटीमीटर पाणी असतं, आमच्या पाळीत 10. म्हणजे आम्हाला निम्मं पाणी मिळतं ना?

उत्तर : निम्मं नाही, सहाव्या हिश्शाच्या आसपास! 90 अंशांच्या नॉचवर 20 सेंटीमीटरला सेकंदाला सुमारे 25 लीटर पाणी जातं आणि 10 सेंटीमीटरला फक्त साडेचारच्या आसपास. उंची निम्मी झाली की खाचेची रुंदीही निम्मी होते आणि वेगही घटतो.

पट्टी मात्र खाचेवरच धरू नका. तिथे पाणी खाली वाकलेलं असतं, आकडा कमी येतो. खाचेच्या वरच्या बाजूला, पाण्याच्या उंचीच्या चौपट अंतरावर, म्हणजे 20 सेंटीमीटरसाठी 80 सेंटीमीटर मागे, खाचेच्या टोकाच्या पातळीपासून उंची मोजा. खालच्या बाजूचं पाणी त्या टोकापर्यंत चढलं असेल तर नॉच बुडालेला आहे, आकडा चुकीचा समजा. मागे साचलेला गाळ दर पाळीआधी काढा.

प्रश्न (ठाणे) : रात्रीची पाळी नेहमी आमच्याच वाट्याला येते. उपाय?

उत्तर : सोमवारी सकाळी सहाला सुरू झालेली पाळी पुढच्या आवर्तनात संध्याकाळी सहाला सुरू करा. क्रम तोच राहील, दिवस-रात्र मात्र आपोआप उलटतील.