छत्रपती संभाजीनगरात नदीकाठची उद्याने कोणती आणि पायी फिरण्याजोग्या वाटा कोणत्या?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे, की डिसेंबरमध्ये दोन दिवसांसाठी आपण पासष्ट वर्षांच्या आईंना घेऊन छत्रपती संभाजीनगरला येत आहात, वेरूळ आणि अजिंठा आधीच पाहून झाले आहे, आणि या वेळी गाडीत बसून धावपळ करण्याऐवजी नदीकाठची उद्याने व आसपासच्या पायवाटा पाहायच्या आहेत. मी या शहरात बावीस वर्षे राहतो आणि त्यांतील बहुतेक वर्षे सकाळी चालतो, म्हणून अनुभवावरून सांगतो.

सर्वप्रथम अपेक्षा थोडी बदलून घ्यावी लागेल. नांदेडला गोदावरी जशी शहराला भेटते तशी नदी येथे नाही. आमची खाम ही लहान नदी आहे. ती जटवाड्याच्या डोंगरांकडून येते, हर्सूलच्या तलावात थांबते, जुन्या शहराच्या तटाला वळसा घालून छावणीकडे जाते आणि पुढे नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या दिशेने निघून जाते. पाऊस ओसरल्यानंतर तिच्यात वाहते ते पाणी मुख्यतः शहराचेच असते, हे लपवण्यात अर्थ नाही. घाट, नौका आणि काठावरची हिरवळ हेच डोळ्यांसमोर ठेवून आलात तर निराश व्हाल. मात्र हे शहर ज्या पाण्यावर वसले त्या पाण्याच्या वाटेने चालायची तयारी असेल, तर उत्तरेच्या डोंगरापासून नदीपर्यंतच्या चार-पाच किलोमीटरांत दोन सकाळी अपुऱ्या पडतील.

सुरुवात हिमायत बागेपासून करावी. दिल्ली दरवाज्याच्या बाजूला, हर्सूलकडून येणाऱ्या खामेच्या शेजारी असलेली ही मोगलकालीन बाग आज परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. त्यामुळे येथे कारंजी, रंगीत दिवे आणि घसरगुंड्या नाहीत, आणि माझ्या मते हेच तिचे भाग्य आहे. आंब्याची जुनी झाडे, चिंचा, पेरूचे आणि सीताफळाचे मळे, मधून जाणारे मातीचे रस्ते आणि सकाळी साडेसहाला मफलर गुंडाळून निघालेली मंडळी, असे तिचे रूप आहे. रस्ता सपाट असल्याने आईंना येथे कोणताही त्रास होणार नाही. बागेत शक्कर बावडी नावाची जुनी दगडी विहीर आहे. तिच्या काठावर वाकून पाहण्याचा मोह आवरावा, पण पाहावी जरूर. घरी अंगण असेल तर येथील रोपवाटिकेत कलमांची चौकशी करून ठेवावी.

बागेला लागूनच डॉ. सलीम अली सरोवर आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘खिजरी तलाव’ हेच नाव आहे. थोर पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली यांचे नाव त्याला नंतर देण्यात आले. पक्ष्यांना शांतता मिळावी म्हणून आत जाण्यावर बंधने असतात, त्यामुळे दार बंद दिसले तर वाईट वाटून घेऊ नये. रस्त्याच्या बाजूने, जाळीतूनही वारकरी पक्ष्यांचे काळे थवे दिसतात. सोबत दुर्बीण असेल तर अर्धा तास सहज जातो.

तेथून रिक्षाने मकई दरवाज्यापर्यंत यावे आणि उतरून पायी चालू लागावे. या शहराला बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणतात, पण नदीशी नाते सांगणारे तीन दरवाजे एका ओळीत आहेत, ते म्हणजे मकई, महमूद आणि बारापुल्ला. तिन्हींना जोडून खामेवर दगडी पूल आहेत आणि ते दीर्घकाळ वाहनांचा भार सोसत आले आहेत. मकई दरवाज्याच्या कमानीखालून एका वेळी एकच चारचाकी जेमतेम जाते. समोरून दुसरी आली की दोन्ही चालक आधी भोंगा वाजवतात, मग एकमेकांकडे पाहतात आणि शेवटी ज्याच्या मागे कमी गर्दी असेल तो मागे सरकतो. पादचाऱ्याने हा सोहळा भिंतीला टेकून पाहावा आणि वाट मोकळी झाली की झटपट पुलावर जावे. कठड्यावरून खाली पाहिले, तर काळसर पाण्याच्या कडेला ढोकरी मान आखडून उभी असते, हिवाळ्यात शेपटी हलवणारे धोबी पक्षी दगडांवरून पळतात, आणि एखादा खंड्या विजेच्या तारेवरून सूर मारून त्याच पाण्यातून मासा घेऊन वर येतो. नदी मेली आहे असे म्हणणाऱ्यांना मी हा खंड्या दाखवतो. नाकाला रुमाल लावून दाखवतो, हेही मान्य करतो.

महमूद दरवाज्याला लागूनच पाणचक्की आहे, आणि या भ्रमंतीत सर्वाधिक वेळ मी येथे द्यायला सांगेन. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याचे हे आवार आहे. उत्तरेच्या डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून येथवर आणले आहे. ते एका उंच भिंतीत चढते आणि वरून लांब हौदात कोसळते. पूर्वी याच पाण्याच्या जोरावर दगडी जाते फिरत असे आणि दर्ग्यात येणारे फकीर, यात्रेकरू व विद्यार्थी यांच्यासाठी पीठ दळले जाई. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. म्हणजे वर पाणी, खाली माणसे, आणि त्या दालनाला उन्हाळ्यातही गारवा. हौदाच्या काठी बसले की पडणाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर येतात, शेजारच्या विशाल वडाची सावली असते, आणि दोन हातांवर नदी असूनही तिचा वास येथे येत नाही. आईंना येथे निवांत बसू द्यावे.

पाण्याच्या या नळांमागची कथा शहराच्या जन्माइतकी जुनी आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने 1610 मध्ये खडकी हे गाव, म्हणजे आजचे हेच शहर, राजधानी म्हणून वसवले आणि काही वर्षांतच डोंगरातील झऱ्यांचे पाणी भूमिगत नहरीने गावात आणले, तीच नहर-ए-अंबरी. पुढे तिच्या धर्तीवर आणखी नहरी झाल्या आणि पाणचक्कीची नहर त्यांपैकीच एक आहे. वाटेत ठिकठिकाणी उभारलेल्या विटा-चुन्याच्या उंच खांबांना ‘बंब’ म्हणतात. नळात कोंडलेली हवा तेथून बाहेर पडे, दाब सांभाळला जाई आणि पाणी पुन्हा वर चढे. आज शहराचे पिण्याचे पाणी पन्नासेक किलोमीटरवरच्या नाथसागरातून पंपांच्या जोरावर वर चढवावे लागते. चारशे वर्षांपूर्वी ते केवळ उताराच्या हिशेबाने खाली येत होते. जुन्या वस्तीत चालताना एखाद्या घराच्या भिंतीत अडकलेला बंब दिसला, तर तो धुराडे समजून पुढे जाऊ नये.

आता नदीकाठचे नवे उद्यान. दहा-बारा वर्षांपूर्वी मी बारापुल्ल्याकडून छावणीच्या लोखंडी पुलापर्यंत काठाने चालण्याचा प्रयत्न केला होता आणि वेड्या बाभळींत पँट फाडून, कचऱ्याच्या ढिगाला वळसा घालण्याच्या नादात चिखलात एक चप्पल गमावून परतलो होतो. 2021 च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी मंडळींनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले; पात्रातील कचरा निघाला, काठ बांधले गेले, देशी झाडे लावली गेली, आणि लोखंडी पुलाजवळ खाम इको पार्क उभे राहिले. भिंतींवर चित्रे आहेत, बसायला जागा आहे, चालायला नीट वाट आहे. ते मोठे नाही. अर्ध्या-पाऊण तासात पाहून होते. पुण्या-मुंबईच्या मोठ्या उद्यानांशी तुलना केली तर ते फिके वाटेल, पण ज्याने तेथे चप्पल गमावली आहे त्याला ते फिके वाटत नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास जावे; भर दुपारी पाणी तापले की वास वाढतो.

दुसऱ्या दिवशीची सकाळ डोंगरासाठी राखून ठेवावी. दोन पर्याय आहेत आणि दोन्ही बीबी का मकबऱ्याच्या मागच्या बाजूचे आहेत. पहिला गोगाबाबा टेकडीचा. विद्यापीठ परिसराच्या मागून, हनुमान टेकडीच्या बाजूने पायवाट चढते. सवय असलेला माणूस अर्ध्या तासात माथ्यावर पोहोचतो. वाटेत झाडे विरळ आहेत आणि मुरूम पायाखालून सरकतो, म्हणून चपलेवर जाऊ नये, बूट घालावेत. रविवारी पहाटे येथे जत्राच असते. इतर दिवशी शांत असते. माथ्यावर छोटे देवस्थान आहे, आणि उजाडू लागले की खाली धुक्यातून प्रथम मकबऱ्याचा पांढरा घुमट, मग शहर आणि पश्चिमेला देवगिरीचा सुळका वर येतो. हे सारे पाणी कोठून कोठे गेले, हे नकाशापेक्षा येथून चांगले कळते. आईंच्या गुडघ्यांची तक्रार असेल तर त्यांना टेकडीवर नेऊ नये. त्यांना विद्यापीठ परिसरातील सोनेरी महालापाशी थांबता येईल, तेथे वस्तुसंग्रहालयही आहे.

दुसरा पर्याय औरंगाबाद लेण्यांचा. शहराचे नाव बदलले तरी लेण्यांना बोलताना लोक अजून याच नावाने ओळखतात. मकबऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर असलेली ही बौद्ध लेणी मुख्यतः सहाव्या-सातव्या शतकातील आहेत, आणि वेरूळ-अजिंठ्याच्या नावाखाली झाकली गेल्यामुळे अजून मोकळी आहेत. पहिल्या गटात एक ते पाच, दुसऱ्यात सहा ते नऊ. दोन गटांमध्ये सुमारे किलोमीटरभर अंतर आहे आणि ते पायी तोडण्यातच मजा आहे, कारण डाव्या हाताला कातळ आणि उजव्या हाताला खाली पसरलेले शहर असे दृश्य सोबतीला असते. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण थांबत थांबत आईंना जमतील. तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यातील बुद्धांसमोर गुडघे टेकून बसलेल्या भक्तांचे दोन समूह आहेत. दगडात कोरलेली ती माणसे खऱ्याखुऱ्या माणसांच्या मापाची आहेत आणि प्रत्येकाचा चेहरा, केस आणि दागिना वेगळा आहे. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात डाव्या भिंतीवर एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या सहा स्त्रिया कोरल्या आहेत. आत अंधार असतो. मोबाईलचा उजेड समोरून न टाकता बाजूने, भिंतीलगत धरावा. मग नर्तकीच्या कमरेचा बाक उठून दिसतो. आवाज मात्र करू नये, कारण कपारींत मधमाश्यांची पोळी असतात. मी एकदा एका उत्साही सहलीला शिट्ट्या मारताना आणि नंतर पायऱ्या उतरताना पाहिले आहे. उतरण्याचा वेग चढण्याच्या तिप्पट होता.

मकबऱ्याचे उद्यान आपण पाहालच. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिच्या या समाधीची ताजमहालाशी तुलना करून लोक तिच्यावर अन्याय करतात. डिसेंबरच्या सकाळी कारंज्यांच्या पाटांमधून चालताना मागचा डोंगर घुमटाला जी पार्श्वभूमी देतो, ती आग्र्यात नाही. बाहेर हातगाडीवर पेरू मिळतात, ते तिखट-मीठ लावून घ्यावेत.

खरी मोठी नदी पाहायचीच असेल, तर दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पैठण गाठावे. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये झाली आणि 1976 मध्ये ते पूर्ण होऊन नाथसागर तयार झाला. धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे, पण ते मधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असते, म्हणून निघण्यापूर्वी सुरू असल्याची चौकशी करावी. बंद असेल तर त्याच्यासाठी हळहळू नये. नाथसागराच्या उथळ काठावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. आईंसाठी मात्र मी गावातील गोदाकाठच सुचवेन. एकनाथ महाराजांचे समाधी मंदिर आणि रेड्यामुखी वेद वदवल्याच्या कथेचा नागघाट जवळजवळ आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये रमतगमत चालता येते. धरणाच्या खाली असल्याने पात्रात पाणी बहुधा संथ आणि कमी असते. संध्याकाळी घाटाच्या पायरीवर बसायला ते पुरते.

राहण्याची सोय शक्यतो रेल्वे स्थानकाकडे न करता मिल कॉर्नर किंवा छावणीच्या बाजूला पाहावी, म्हणजे पाणचक्की आणि लोखंडी पूल जवळ पडतील. सकाळी थंडी बऱ्यापैकी असते, दहानंतर ऊन लागते. म्हणून शाल आणि टोपी दोन्ही सोबत असू द्याव्यात. रिक्षाचे भाडे बसण्यापूर्वीच ठरवावे. आणि परतताना वाटेत कोणाच्या शेतात हुरड्याची भट्टी पेटलेली दिसली, तर उशीर होईल म्हणून पुढे जाऊ नये.