डोंगरवाटांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही चौघं मित्र डिसेंबरात राजगड-तोरणा चालत जोडणार आहोत. पाणी किती घ्यावं? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : माणशी 4 लिटर. दोन गडांमधल्या धारेवर पाण्याचा भरवसा धरू नका. राजगडाच्या पद्मावती माचीवरच (माची म्हणजे बालेकिल्ल्याखालचा सपाट, तटबंदीचा भाग) बाटल्या भरा. टाक्याचं, म्हणजे कातळात खोदलेल्या हौदाचं, पाणी फडक्यानं गाळा, मग उकळा. नुसत्या गाळण्यानं जंतू मरत नाहीत.

राजगडाच्याच संजीवनी माचीवरून उजाडताच निघा. पुढे सहा-सात तासांची चाल आहे, सावली तुरळक. तोरण्याच्या बुधला माचीच्या अंगाला मुरूम पायाखालून सरकतो, तिथे अंतर ठेवून एकेकानं चढा. पाण्याच्या बाटल्या सॅकमध्ये पाठीलगत, खांद्यांच्या उंचीला ठेवा. तळाशी राहिल्या तर सॅक मागे ओढते. नवे बूट? घरीच ठेवा. तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्यात उतरेपर्यंत टाचा सोलून निघतील.