मदरबोर्ड बदलल्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर गायब झाला, तो परत कसा आणायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: एचपीच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बाहेरच्या दुकानातून बदलून घेतला. आता चालू करताना 'प्रॉडक्ट इन्फर्मेशन नॉट व्हॅलिड' येतं, सीरियल नंबरची जागा कोरी दिसते, विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. दुकानदार म्हणतो, मशीन चालतंय ना, मग सोडून द्या. सोडू नका. दुरुस्ती अजून पूर्ण झालेली नाही.

सीरियल नंबर खालच्या स्टिकरवर छापलेला असला तरी कॉम्प्युटर तो वाचतो बोर्डावरच्या बायोस चिपमधून (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम जिच्यात असतो ती चिप). एसएसडीवर तो नसतोच, त्यामुळे विंडोज नव्याने टाकून काही उपयोग नाही. सुटा बोर्ड येतो तेव्हा ही जागा रिकामी असते. बोर्ड बसवल्यावर सीरियल नंबर, प्रॉडक्ट नंबर, मॉडेलचं नाव आणि यूयूआयडी (प्रत्येक मशीनचा वेगळा ओळख क्रमांक) त्यात भरणं हे दुरुस्ती करणाऱ्याचंच काम आहे. लेनोव्होच्या थिंकपॅडवर ते राहून गेलं तर २२०० आणि २२०१ हे एरर येतात: पहिला मशीन टाइप व सीरियल नंबरचा, दुसरा यूयूआयडीचा. डेलमध्ये कोऱ्या बोर्डाला सर्व्हिस टॅग, म्हणजे डेलचा सीरियल नंबर, भरावा लागतो.

आधी खरा नंबर शोधा. तळाचं कव्हरही बदललं असेल तर स्टिकर गेला; मग खोकं, खरेदीचं बिल किंवा वॉरंटी नोंदणीचा मेल पाहा. एचपीचा नंबर १० अक्षरांचा असतो, डेलचा टॅग ७ अक्षरांचा. शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' नीट तपासून लिहा. बऱ्याच बोर्डांवर ही माहिती एकदा भरून लॉक केली की सहजासहजी बदलता येत नाही.

मग दुकानात परत जा आणि स्पष्ट शब्दांत सांगा, 'डीएमआय माहिती भरून द्या.' डीएमआय म्हणजे वर सांगितलेली हीच सगळी माहिती; काम येणाऱ्याला एवढं पुरेसं आहे. एचपीचा नवा बोर्ड 'मॅन्युफॅक्चरिंग प्रोग्रॅमिंग मोड'मध्ये उघडा असतो. कंपनीच्या टूलने नंबर भरायचे आणि तो मोड बंद करायचा. हे टूल दुकानात नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. नेटवरून कुठलंही जुनं टूल उतरवून घरी प्रयोग करू नका. बायोसशी ते जुळलं नाही तर अर्धवट माहिती भरून बोर्ड लॉक होण्याचा धोका आहे.

दुसरा मार्ग जुन्या बोर्डाचा डंप, म्हणजे त्याच्या बायोस चिपमधल्या मजकुराची फाइल, म्हणून जुना बोर्ड दुकानातून मागून घ्या. तो मेला असला तरी त्यावरची ८ पायांची बायोस चिप बहुतेक वेळा शाबूत असते. तिच्या आतला मजकूर प्रोग्रॅमर नावाचं छोटं उपकरण क्लिपने चिपला जोडून वाचता येतो. वाचण्याआधी चिपवरचं नाव पाहणं अत्यावश्यक आहे. विनबाँडची डब्ल्यू२५क्यू१२८ ही १६ एमबीची चिप नेहमी भेटते. तिच्या नावापुढे एफव्ही किंवा जेव्ही असेल तर ती ३.३ व्होल्टची, एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू असेल तर १.८ व्होल्टची. १.८ च्या चिपला व्होल्टेज कमी करणारा अडॅप्टर न लावता स्वस्त प्रोग्रॅमर जोडला की चिप जाते. चिपवरचा ठिपका म्हणजे पहिला पाय, क्लिपची लाल तार तिकडे. दोनदा वाचायचं; दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच तो डंप खरा. त्यातून सीरियल नंबर आणि बहुतेक वेळा विंडोजची की (अ‍ॅक्टिव्हेशनचा कोड) मिळते. पण अख्खी जुनी फाइल नव्या बोर्डात ओतू नये. इंटेलच्या मशीनमध्ये त्या फाइलमधला एमई (मॅनेजमेंट इंजिन) नावाचा भाग जुळला नाही तर लॅपटॉप कधीकधी ३० मिनिटांनी आपोआप बंद पडतो.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे नेटवरून दुसऱ्याच मशीनचा डंप उतरवून मारणं. नंबर दिसतो, एररही जातो, पण तो नंबर परक्याचा असतो. उद्या कंपनीच्या साइटवर भलतंच मॉडेल आणि भलतीच वॉरंटी निघते. ऑफिसमध्ये तर आणखी गोंधळ: यूयूआयडी किंवा लॅनचा (तारेच्या नेटवर्कचा) मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दोन मशीनवर सारखा आला की नेटवर्कवर ती एकमेकांच्या आड येतात. इंटेल लॅनचा पत्ता ८८:८८:८८:८८:८७:८८ दिसला तर तो भरायचा राहिला आहे असं समजा. वायफायचा पत्ता कार्डावरच असतो. कार्ड सुटं असेल तर त्याला धक्का लागत नाही.

विंडोजचं वेगळं पाहावं लागेल. लॅपटॉपसोबत आलेली की जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये राहिली, आणि सुटे बोर्ड की असलेले व नसलेले असे दोन्ही मिळतात. तुमचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधीच जोडलेलं असेल तर सेटिंग्ज, सिस्टीम, अ‍ॅक्टिव्हेशन, ट्रबलशूट असं जाऊन 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडा. बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर घाबरू नका आणि डिस्क फॉरमॅटही करू देऊ नका. बोर्डासोबत टीपीएम (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग) बदलला म्हणून ती मागितली जाते. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती बहुधा जपलेली असते.

अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरवाल्यांनाही हेच भोगावं लागतं. 'अबाउट धिस मॅक'मध्ये सीरियल नंबर 'उपलब्ध नाही' दिसतो आणि आयमेसेज, फेसटाइम साइन इन होत नाहीत. तिथे नंबर भरण्याची साधनं अ‍ॅपल अधिकृत सेंटरलाच देते, म्हणून मी थेट तिकडेच जायला सांगेन.

दुकानातून मशीन परत घेताना पैसे देण्याआधी तिथेच ते चालू करा. एचपीवर एफ१०, डेलवर एफ२, थिंकपॅडवर एफ१ दाबून बायोस उघडा आणि पडद्यावरचा नंबर बिलावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. नव्या बिलावर 'बोर्ड बदलला' हे आणि तो सीरियल नंबर दोन्ही लिहून घ्या.