मरिनर्सना सपोर्ट करावं की जिंकणारी टीम धरावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्रिकेट बघत मोठा झालो, नोकरीमुळे नुकताच सिएटलजवळ बेल्व्ह्यूला आलोय, येत्या सीझनपासून बेसबॉल नीट बघायचं आहे. सिएटल मरिनर्स एकदाही वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम लढतीपर्यंत, पोचलेले नाहीत म्हणतात. मग त्यांच्यात जीव गुंतवावा, की लॉस एंजेलिस डॉजर्स किंवा न्यूयॉर्क यांकीजसारखी जिंकणारी टीम धरावी?

मरिनर्स. खरं तर इथेच उत्तर संपायला हवं. पण "जिंकणारी टीम धर" हे वाक्य मी माझ्या दाजींच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतोय की एका शब्दावर थांबणं मला जमणार नाही.

दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. मूळचे दादरचे, आता न्यू जर्सीत एडिसनला असतात. रणजी ट्रॉफीत मुंबई, बेसबॉलमध्ये यांकीज. मुंबईच्या ४२ रणजी ट्रॉफ्या आणि यांकीजच्या २७ वर्ल्ड सिरीज, हे दोन्ही आकडे कायम त्यांच्या ओठांवर. आम्ही सातारचे, म्हणजे रणजीत महाराष्ट्राचे. महाराष्ट्राने शेवटची रणजी जिंकली १९४०-४१ साली. तेव्हा माझ्या वडिलांचाही जन्म झालेला नव्हता. तरी ते आयुष्यभर पेपर उघडला की आधी महाराष्ट्राचा स्कोअर बघायचे आणि मग बाकीचं पान वाचायचे. २०१३-१४ ला आपण वानखेडेवर जाऊन क्वार्टर फायनलमध्ये मुंबईला हरवलं आणि पुढे फायनल गाठली. केदार जाधवने त्या सीझनला १२२३ धावा केल्या होत्या. फायनलला कर्नाटकाने हरवलं, ते सोडा. त्या क्वार्टर फायनलबद्दल दाजी आजतागायत एक अक्षर बोललेले नाहीत. "कशाला हरणाऱ्यांच्या मागे लागतोस" हा आमचा वाद तेव्हापासूनचा आहे. अमेरिकेत आल्यावर फक्त खेळ बदलला.

आता मरिनर्सबद्दल. तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. १९७७ पासून खेळतायत आणि तीस टीममध्ये वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेली ही एकमेव टीम. २००१ ला यांनी १६२ पैकी ११६ सामने जिंकले. शिकागो कब्सच्या १९०६ च्या विक्रमाची बरोबरी केली, आणि लीगच्या फायनलला यांकीजकडून हरले. त्याच्या आदल्या वर्षीही यांकीजच आडवे आले होते. त्यानंतर थेट २०२२ पर्यंत प्लेऑफचं तोंड पाहिलं नाही. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी प्लेऑफ एका सामन्याने हुकला. एका सामन्याने! १६२ सामन्यांच्या सीझनमध्ये एक सामना म्हणजे मे महिन्यातल्या कुठल्या तरी मंगळवारी बुलपेनने, म्हणजे सामन्यात मध्येच बदली येणाऱ्या पिचरांनी (बॉल टाकणाऱ्यांनी), घालवलेली आघाडी. तो मंगळवार कुठला हे इथल्या चाहत्यांना तोंडपाठ असतं.

आणि मग आलं २०२५. माझी जखम तिथली आहे, त्यामुळे हे थोडं लांबेल.

कॅल रॉली हा आमचा कॅचर, म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर. उन्हाळाभर प्रत्येक बॉलला उठाबशा काढायच्या, अंगावर फाउल बॉल झेलायचे आणि वर बॅटिंगही करायची, असं त्याचं काम. त्या माणसाने ६० होम रन मारले (होम रन म्हणजे आपल्या षटकारासारखा, बॉल थेट मैदानाबाहेर). कॅचरचा एका सीझनचा आधीचा विक्रम ४८ होता. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांमध्ये मिकी मँटलचे ५४ होते, तेही मागे पडले. मरिनर्ससाठी केन ग्रिफी ज्युनियरचे ५६ होते, तेही. तरीही एमव्हीपी, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, यांकीजच्या ॲरन जजला दिला. पत्रकारांची पहिल्या पसंतीची मतं १७ विरुद्ध १३. जज मोठा खेळाडू आहे, पण मनाने मी त्या तेरांमधला आहे आणि मरेपर्यंत राहीन.

तर २००१ नंतर पहिल्यांदाच आम्ही आमचा डिव्हिजन (लीगमधला पाच टीमचा गट) जिंकला. डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना नऊऐवजी १५ इनिंग चालला, होर्हे पोलांकोच्या हिटवर जिंकला. मग लीगची फायनल, टोरंटो ब्लू जेजशी. सातपैकी चार सामने जिंकणारा वर्ल्ड सिरीजला जातो. पाचव्या सामन्याला मी मुलीला घेऊन स्टेडियममध्ये होतो. आठव्या इनिंगला एका रनने मागे होतो. आधी रॉलीने होम रन मारून बरोबरी केली, थोड्या वेळाने युहेनिओ सुआरेझने बेस भरलेले असताना बॉल उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत टाकला. शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझ्या मुलीला उचलूनच घेतलं. ते १९७७ पासून बघत होते. मला म्हणाले, आता फक्त एक.

तो एक काही आला नाही. सहावा सामना हरलो. सातवा २० ऑक्टोबरला, सोमवारी. सिएटलच्या पंचांगाने नेमकं त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन. सामना पाचला सुरू, पूजेची वेळ सहाच्या पुढे. आई साताऱ्याहून आलेली होती. तिने सरळ सांगितलं, टीव्ही चालू ठेव, आवाज बंद कर, लक्ष्मीला काही अडचण नाही. आरतीचं तबक फिरत होतं आणि रॉलीने बॉल बाहेर मारला. ३-१. घरात जमलेल्या सगळ्यांनी जो ओरडा केला त्यात आरतीचं शेवटचं कडवं कुणी म्हटलं की नाही, कुणाला आठवत नाही.

फराळाची ताटं मांडली तेव्हा सातवी इनिंग लागली होती. एक आउट झालेला, दोन जण बेसवर. आईने विचारलं, अजून किती जण बाद करायचे? मी म्हटलं, आठ (इनिंग नऊ, प्रत्येक इनिंगला तीन आउट). आठ आउट आणि वर्ल्ड सिरीज. मॅनेजर डॅन विल्सनने पिचर ब्रायन वूला काढलं आणि एदुआर्द बझार्डोला आणलं. समोर टोरंटोचा बॅटर जॉर्ज स्प्रिंगर. बुलपेनमध्ये आंद्रेस मुन्योझ, आमचा क्लोजर, म्हणजे सामना संपवायला शेवटी आणतात तो पिचर, या टीमचा सगळ्यात भारी रिलीफ (बदली) पिचर. मी टीव्हीसमोर उभा राहून म्हणत होतो, मुन्योझला आणा, अरे त्याला आत्ता आणा. क्लोजर नवव्या इनिंगसाठी झाकून ठेवायचा हा हट्ट मला कधीच पटलेला नाही. सामना ज्या बॉलवर फिरतो तिथे सगळ्यात चांगला पिचर हवा, मग इनिंग सातवी असो की तिसरी. दुसऱ्या बॉलवर स्प्रिंगरने तीन रनांचा होम रन मारला. ४-३.

नवव्या इनिंगला टोरंटोच्या हॉफमनने आमच्या तिघांना ओळीने स्ट्राइकआउट, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकवर बाद केलं. शेवटचा हुलिओ रॉड्रिगेझ. त्याच्यानंतर रॉलीची पाळी होती. साठ होम रन मारलेला माणूस बॅट घेऊन बाजूला उभा होता आणि सामना संपला.

पाच मिनिटांत दाजींचा व्हिडिओ कॉल. दिवाळीच्या शुभेच्छा देऊन झाल्या आणि मग, "आता तरी टीम बदल. हरायची सवय लागलीय तुला." मी एवढंच म्हणालो, "दाजी, आज नको." आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि ताईशी बोलायला लागली.

त्या दिवशी दिलं नाही ते उत्तर आज इथे देतो. हरायची सवय कुणालाच लागत नाही. ती लागली असती तर त्या रात्री फराळाची ताटं तशीच्या तशी परत गेली नसती. सहा महिने रोज संध्याकाळी बघायचा हा खेळ आहे. फक्त ऑक्टोबरमधल्या शेवटच्या रात्रीसाठी बघणारा माणूस बाकीच्या दीडशे संध्याकाळी काय करतो? दाजी यांकीजच्या एप्रिलमधल्या सामन्यांत कोण खेळलं हे सांगू शकत नाहीत. त्यांना ट्रॉफ्या मोजता येतात. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याही टीमने २००९ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही.

डॉजर्सबद्दल विचारलंत. २०२४ आणि २०२५, सलग दोन वर्षं जिंकलेत. पैसा आहे आणि ते तो खर्च करतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आमच्या मालकांबद्दल आहे. २०२३ चा सीझन संपल्यावर आमच्या बेसबॉल विभागाचे प्रमुख जेरी डिपोटो पत्रकारांना म्हणाले होते की दहा वर्षं ५४ टक्के सामने जिंकत राहिलं की वर्ल्ड सिरीजला पोचता येतं, आणि चाहत्यांकडे सबुरी मागून आम्ही त्यांचं भलंच करतोय. नंतर माफी मागितली, पण ते ५४ टक्के इथे कुणी विसरलेलं नाही. २०२५ च्या डिसेंबरात पोलांको गेला. न्यूयॉर्क मेट्सने दोन वर्षांचे चार कोटी डॉलर दिले. डेट्रॉइटला ज्याने घरी पाठवलं तो माणूस! वर्ल्ड सिरीजपासून आठ आउट दूर राहिलेल्या टीमने तेवढे पैसे टाकायला हवे होते. ऑक्टोबरमध्ये आम्ही प्लेऑफची तिकिटं सांगाल त्या भावाने घेतली, एक खुर्ची रिकामी नव्हती. तो पैसा मैदानावर दिसला पाहिजे. सुआरेझही गेला.

हे म्हटल्यावर तेही म्हणायला हवं: जॉश नेलरला त्यांनी नोव्हेंबरातच पाच वर्षांसाठी बांधून घेतलं, ९ कोटी २५ लाख डॉलरला. हा सही निर्णय. नेलर अंगाने जाडजूड, धावायला अजिबात वेगवान नाही, पण पिचरच्या हालचाली इतक्या बारकाईने वाचतो की गेल्या सीझनला त्याने ३० बेस चोरले, म्हणजे फटका न लागताच पळून पुढचा बेस गाठला. क्रिकेटमधून येताय म्हणून सांगतो, सुरुवातीला बॉल सोडून नेलर पहिल्या बेसवर उभा असतानाचे पाय बघा. बेसबॉल तिथून कळायला लागतो.

आणि यंदा आशा आहे का? आहे, भरपूर. गिल्बर्ट, कर्बी, वू, कास्तियो, मिलर अशी पिचरांची रांग आहे. पाचही जण धडधाकट राहिले तर अमेरिकन लीगमध्ये यांच्या तोडीची रांग मला दिसत नाही. गेल्या वर्षी ते पाचही जण एकत्र फार थोडे दिवस दिसले. हुलिओ अजून पंचविशीत आहे. तो दरवर्षी एप्रिल-मेमध्ये थंड असतो आणि जुलैनंतर पेटतो. यंदा पहिल्या महिन्यापासून लागला तर डिव्हिजनचा प्रश्नच मिटतो. रॉली पुन्हा ६० मारणार नाही, कुणीही तशी अपेक्षा करू नये. ४० मारले तरी पुरे. शिवाय २०२६ च्या सीझनपासून अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयावर (पिचरचा बॉल ठरलेल्या चौकटीत होता की बाहेर) खेळाडूंना मशीनकडे दाद मागता येते, प्रत्येक टीमला दोन संधी. आमच्या कॅचरची नजर बघता याचा आम्हाला फायदाच होईल. फेब्रुवारीत पिचर-कॅचर ॲरिझोनात पिओरियाला जमले की माझं ऑफिसमधलं लक्ष उडतं, हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे.

आता दाजींच्या बाजूचंही एक मान्य करायला हवं. जर्सीत राहून यांकीज धरले यात काही चूक नाही, ती त्यांच्या घराजवळची टीम आहे. तुम्ही बेल्व्ह्यूत राहता. तुमचे शेजारी, तुमच्या ऑफिसातला सिक्युरिटीवाला, मुलांच्या शाळेतले बसचालक, सगळे संध्याकाळी एकच सामना बघणार आहेत आणि सकाळी त्याबद्दलच बोलणार आहेत. लॉस एंजेलिसच्या टीमचा इथे काय उपयोग? उद्या नोकरी बदलून बोस्टनला गेलात तर तेव्हाचं तेव्हा बघा. मी मात्र साताऱ्याहून इतक्या लांब येऊनही महाराष्ट्राचा स्कोअर बघतो.

राहिलं तिकिटांचं, ते तुम्ही विचारलं नाही पण विचाराल. सीझन तिकिटं पहिल्याच वर्षी घेऊ नका. घरचे ८१ सामने असतात, तेवढे कुणाच्यानेही होत नाहीत. आठवड्याच्या मधल्या दिवसांची वरच्या मजल्यावरची तिकिटं बरीच स्वस्त मिळतात आणि तिथून पिचर-कॅचरचं सगळं नीट दिसतं. गाडी नेऊ नका, ट्रेनने स्टेडियम स्टेशनला उतरा. एप्रिलमध्ये जात असाल तर जाड जॅकेट हवंच. छप्पर सरकवून बंद केलं तरी बाजू उघड्याच राहतात आणि खाडीवरून येणारा वारा थेट अंगावर येतो.