टँकर चार्टरिंगमधील लेटाइम, लेकॅन, वर्ल्डस्केल यांचा अर्थ काय? डेमरेज म्हणजे उशिराचा दंडच ना?

नाही, डेमरेज म्हणजे दंड नव्हे. तुमच्या प्रश्नातला हा एक शब्द वाचून मी उत्तर लिहायला बसलो, कारण याच शब्दावरून आमच्या चार्टरिंग (जहाज भाड्याने देण्याच्या) खात्यातील एका वरिष्ठांशी माझा वाद झाला होता आणि तो कधी मिटला नाही.

व्हॉयेज चार्टरमध्ये (एका फेरीसाठी जहाज भाड्याने घेण्याच्या करारात) माल भरण्यासाठी व उतरवण्यासाठी चार्टररला, म्हणजे जहाज भाड्याने घेणाऱ्याला, जो वेळ भाड्यातच मिळालेला असतो, तो लेटाइम. टँकरच्या बाबतीत तो बहुधा दोन्ही बंदरे मिळून 72 तास असतो आणि त्यात रविवार व सुट्ट्याही मोजल्या जातात. तो संपल्यावरही जहाज अडकून पडले, तर मालकाच्या नुकसानीपोटी दररोज किती रक्कम द्यायची हे उभयतांनी आधीच ठरवलेले असते. ती रक्कम म्हणजे डेमरेज. मालकाला आपला प्रत्यक्ष तोटा सिद्ध करावा लागत नाही, आणि त्या अडकण्याबद्दल ठरलेल्या दराहून जास्तही मागता येत नाही. यात शिक्षेचा भाग कोठेही नाही.

मी तेव्हा एका अफ्रामॅक्स (मध्यम-मोठ्या आकाराच्या) टँकरवर चीफ ऑफिसर होतो. कच्चे तेल उतरवायचे होते. होज (तेलाच्या नळ्या) जोडून झाले, तिन्ही कार्गो पंप लागले आणि मॅनिफोल्डवरच्या (जहाजावरच्या होज जोडण्याच्या जागेवरच्या) दाबाच्या गेजचा काटा सात किलोकडे (प्रति चौरस सेंटीमीटर) चढू लागला, तोच टर्मिनलच्या लोडिंग मास्टरने वॉकीटॉकीवर सांगितले की किनाऱ्याकडची लाइन जुनी आहे, पाच किलोच्या वर जाऊ नका. मी पंपांचे आरपीएम उतरवले, पोर्ट लॉगमध्ये ‘टर्मिनलच्या सूचनेवरून’ एवढेच लिहिले आणि पुढे दर तासाला पंपिंग लॉगमध्ये 5.0, 5.0, 5.0 असे आकडे भरत राहिलो. पंपिंगला 37 तास लागले. लोडिंग मास्टरने पंपिंग लॉगवर सही करायला नकार दिला, तेव्हा मी हसून तो कागद फाइलला लावला. टर्मिनलच्या नावे लेटर ऑफ प्रोटेस्ट, म्हणजे लेखी निषेधपत्र, काढायला हवे होते. ते मी काढले नाही.

काही महिन्यांनी कळले की आमचा डेमरेजचा दावा 24 तासांचा होता आणि चार्टररने त्यातले 13 तास कापले होते. करारात पंपिंग क्लॉज होता: जहाजाने संपूर्ण माल 24 तासांत उतरवावा किंवा मॅनिफोल्डवर 100 पीएसआय, म्हणजे साधारण सात किलो, दाब राखावा, तसे न झाल्यास जादा वेळ लेटाइम किंवा डेमरेज म्हणून धरला जाणार नाही. किनाऱ्याकडून दाबावर मर्यादा घातली गेल्यास जहाज सुटते, परंतु ती मर्यादा कागदावर दाखवावी लागते. आमच्याकडे दाखवायला माझ्या हस्ताक्षरातले पाचाचे आकडे होते, आणि जहाजाने सात किलो दाब राखला नाही एवढेच त्यांवरून दिसत असल्याने ते तर चार्टररच्याच बाजूने बोलत होते. वरिष्ठांनी लिहिले, ‘जहाजाच्या निष्काळजीपणामुळे दंड बुडाला.’ उरलेल्या 11 तासांतही त्यांनी घासाघीस मान्य केली, कारण त्यांच्या मते चांगल्या गिऱ्हाइकाकडून दंड फार ताणून मागायचा नसतो. माझे म्हणणे असे होते, आणि आजही आहे, की एकदा दंड म्हटले की माफ करणे हा मोठेपणा वाटू लागतो. जहाज अडकल्याची ठरलेली भरपाई म्हटले असते, तर हेच गृहस्थ भाड्यातला एक डॉलर सोडायला तयार झाले नसते.

तुमचे बाकीचे शब्द थोडक्यात सांगतो. लेटाइम कोणत्या तारखेपासून सुरू होऊ शकतो आणि कोणत्या तारखेपर्यंत जहाज सज्ज न झाल्यास चार्टररला करार रद्द करता येतो, या दोन तारखा मिळून लेकॅन होतो. वर्ल्डस्केल या टँकरभाड्याच्या दरपुस्तकात प्रत्येक फेरीसाठी, 75,000 टनांचे प्रमाण जहाज धरून काढलेला, डॉलर प्रतिटन असा दर असतो. त्याला फ्लॅट म्हणतात आणि वर्ल्डस्केल 80 म्हणजे त्याचे 80 टक्के. फ्लॅट दरवर्षी 1 जानेवारीला बदलतात, म्हणून गेल्या वर्षीचे 80 आणि या वर्षीचे 80 यांची सरळ तुलना करू नका. लेटाइमचे घड्याळ नोटिस ऑफ रेडिनेसवर (जहाज सज्ज असल्याच्या सूचनेवर) चालते: 1977च्या अस्बाटँकव्हॉय या नमुना करारानुसार नोटिस मिळाल्यापासून सहा तासांनी किंवा जहाज धक्क्याला लागल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा ते सुरू होते आणि होज सुटेपर्यंत चालते. ठरलेल्या जागी पोहोचण्याआधीच घाईने दिलेली नोटिस मात्र अवैध ठरू शकते.

वरचे करारातले आकडे रूढ आहेत, सक्तीचे नाहीत; रायडर क्लॉज (करारात जोडलेले जादा कलम) त्यांतला कोणताही आकडा बदलू शकतो. वादळ किंवा किनाऱ्यावरच्या यंत्रसामग्रीतला बिघाड यांसारख्या ठरावीक कारणांसाठी डेमरेज निम्म्या दराने धरण्याची तरतूदही असते. दाव्याला मुदत असते, पुष्कळदा माल उतरल्यापासून 90 दिवसांची, आणि ती उलटली तर वर लिहिलेले काहीही उपयोगाचे नाही. शिवाय प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रोटेस्ट न देणे ही माझीच चूक होती; मालाच्या आकड्यांतील तफावतीबद्दल अशी पत्रे मी त्यापूर्वी ढिगाने दिली होती.

तरीही, तुम्ही चार्टरिंगच्या टेबलावर बसणार असाल, तर जहाजाला व्हॉयेज ऑर्डर्स (फेरीच्या सूचना) पाठवताना पंपिंग क्लॉज जसाच्या तसा मजकुरातच उतरवा आणि सोबत प्रोटेस्टचा नमुना जोडा. त्या वरिष्ठांच्या मते ‘हे जहाजाला माहीतच असायला हवे’. मला आलेल्या ऑर्डर्स दीड पानाच्या होत्या, त्यात पंपिंगबद्दल एक ओळ नव्हती, आणि अर्धे पान ई-मेलच्या पत्त्यांनी भरलेले होते.