दिवसभर मराठी टायपिंग करून डोळे चुरचुरतात. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं ठेवू का?

रोज आठ तास टायपिंग, संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, आणि ऑफिसातल्या कुणीतरी काळ्यावर हिरवं करायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. मी सोळा वर्षं पडद्यावर मराठी प्रुफं तपासतोय. माझं ऐकाल तर हिरवं करू नका. जुन्या हिरव्या मॉनिटरच्या काचेला आतून लावलेला फॉस्फर, म्हणजे उजळणारा लेप, हिरवाच उजळायचा, दुसरा रंग त्यावर उमटतच नसे. तिथली सवय आज कशाला चालवायची?

काळ्यावर पांढरं मीही करून पाहिलं. दोन दिवस फार बरं वाटलं. मग एका शाळेच्या स्मरणिकेत ‘मुलींचा सत्कार’ऐवजी ‘मुलीचा सत्कार’ छापून आलं. सत्कार अकरा जणींचा होता. फाइल पुन्हा उघडली तेव्हा कळलं, की अनुस्वार असलेली वेलांटी आणि नसलेली वेलांटी मला त्या पडद्यावर सारखीच दिसत होती. त्या मुलींची आठवण झाली की अजून वाईट वाटतं.

पडदा काळा असला की बाहुली मोठी होते, आणि चष्म्याच्या नंबरातला बारीकसा दोषही जाणवायला लागतो. मला सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे बुबुळाच्या गोलाईत दोष आहे, त्यामुळे पांढरी अक्षरं काळ्यात पसरतात. इंग्रजी त्यातूनही निभावतं. आपल्याकडे अनुस्वार, रफार, मात्रा सगळं शिरोरेषेच्या वर दाटीवाटीनं बसलेलं, तिथे आधी गोंधळ होतो. निळी अक्षरं तर काळ्यावर मुळीच नकोत. डोळ्याच्या भिंगातून निळा आणि लाल एका जागी फोकस होत नाहीत, आणि दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, अगदी मध्यभागी निळा टिपणाऱ्या पेशीच नसतात.

मी आता फिकट सायीच्या रंगावर गडद करडी अक्षरं ठेवतो. अक्षरांचा रंग निवडताना कलर कोडच्या चौकटीत सहा वेळा ३ टाका. शुभ्र पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, १२.६ : १ येतो, सायीवर थोडा कमी, पण भरपूर. उलट सहा वेळा ७ टाकलंत तर पांढऱ्यावर ४.४८ : १, म्हणजे वेबसाइटसाठीच्या सुगम्यतेच्या निकषात साध्या मजकुराला लागणाऱ्या ४.५ च्याही खाली. ‘सौम्य’ म्हणून असला फिका करडा निवडणारे डिझायनर वाचणाऱ्याचे हाल करतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंग ठरला की ब्राइटनेस बघा. पडद्याशेजारी कोरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा झगझगत असेल तर कागदाइतका दिसेपर्यंत खाली आणा. मग ‘मुलीचा’ आणि ‘मुलींचा’ शेजारी-शेजारी टाइप करा आणि पाठ खुर्चीला टेकवून वाचा. फरक दिसायला पुढे वाकावं लागलं तर रंगांशी खेळू नका, फाँट मोठा करा आणि ओळींतलं अंतर वाढवा.

राहिलं चुरचुरणं. एरवी मिनिटाला १५ वेळा मिटणाऱ्या पापण्या पडद्यासमोर ५ ते ७ वेळाच मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर लांब बघा, पापण्या मुद्दाम मिटा. आणि नंबर तपासून वर्ष उलटलं असेल तर या आठवड्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तिथे ‘पडदा हातभर लांब असतो’ हे आवर्जून सांगा.